गहू आणि दूध बंद केल्याने स्वमग्नतेत खरोखर फरक पडतो का?

मधुमालती (इंदूर)

नमस्कार. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. आठ महिन्यांपूर्वी त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. 'पाणी' आणि 'नको' हे दोन शब्द तो नेमके वापरतो. बाकी सगळे आमचा हात धरून, त्या वस्तूपाशी नेऊन दाखवतो. मागच्या आठवड्यात एका आहार-शिबिरात आम्हाला असे सांगण्यात आले की गहू आणि दूध यांमुळेच अशा मुलांचा मेंदू धुंदीत राहतो, आणि या दोन गोष्टी सहा महिने पूर्ण बंद केल्या तर मूल बोलू लागते. आहाराचा तक्ता, चूर्ण आणि तपासण्या मिळून 18,000 रुपये होतील.

अडचण अशी की तो मुळात पाचच पदार्थ खातो: तूप-गूळ लावलेली पोळी, बाटलीतले दूध, एकाच कंपनीचे बिस्किट, वरणाचा थेंबही न लागलेला पांढरा भात आणि सेव. त्यातून गहू आणि दूध वजा केले तर भात आणि सेव उरते. सासूबाईंचे म्हणणे असे की मालव्यात राहून लेकराची पोळी कोणी तोडते का. यांचे म्हणणे असे की सहाच महिन्यांचा तर प्रश्न आहे, बिघडणार काय आहे. मला एवढेच विचारायचे आहे की या म्हणण्याला काही आधार आहे का, आणि ज्यांनी हे केले त्यांनी मुलांना खायला काय घातले?

कडुनिंब (इंदूर)

ताई, आम्ही केले आहे. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि सलग सात महिने आम्ही गहू-दूध घरात आणले नाही. तिसऱ्या आठवड्यापासून ती रात्री सलग झोपू लागली, भिंतीवर डोके आपटणे जवळजवळ थांबले, आणि माझ्याकडे पाहण्याचे प्रमाण वाढले. आता काही जण येथे येऊन आधार मागतील. त्यांना माझी विनंती आहे की ज्या घरात रात्री दोन वाजता मूल डोके आपटत असते, त्या घरात एक रात्र काढून मग पुरावे मागावेत. आम्ही ज्वारीची भाकरी, साबुदाणा, तांदळाचे घावन आणि नारळाचे दूध यांवर निभावले.

रविवारचा बाफला (इंदूर)

सकाळी पोहे-जलेबी, दुपारी तुपात बुडवलेले बाफले आणि रात्री सराफ्यात रबडी असा ज्या शहराचा दिनक्रम आहे, तिथे गहू आणि दुधाने धुंदी चढत असती तर राजवाड्यापुढे एकही माणूस सरळ चालताना दिसला नसता. ताई, विनोद आवडला नाही तर माफ करा. मुद्द्याचे इतर मंडळी लिहितीलच.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. 'धुंदी' हा शब्द शिबिरातल्या माणसाने हवेतून काढलेला नाही, त्याला इतिहास आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

1979 साली याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने एक निरीक्षण मांडले. प्राण्यांच्या पिल्लांना थोडे मॉर्फिन दिले की आईपासून दूर केल्यावर होणारे त्यांचे रडणे कमी होते; त्यांना सोबतीची तेवढी गरज उरत नाही. स्वमग्न मुलांच्या मेंदूतही असेच काही अफूसदृश रसायन जास्त असेल का, असा त्याचा प्रश्न होता. पुढे नॉर्वे आणि इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी त्याला आहाराची जोड दिली. दुधातल्या केसीनचे आणि गव्हातल्या ग्लुटेनचे पचन होताना जे लहान तुकडे पडतात त्यांतले काही खरोखरच अफूसारख्या रचनेचे असतात. हे तुकडे आतड्याच्या 'गळक्या' भिंतीतून रक्तात आणि तिथून मेंदूत जातात, आणि म्हणूनच या मुलांच्या लघवीत ते सापडतात, असा तो सिद्धांत.

सिद्धांत ऐकायला सुरेख आहे, पण कडी तुटते ती लघवीपाशी. पुढे अधिक अचूक यंत्रांनी तपासले तेव्हा स्वमग्न मुलांच्या लघवीत हे अफूसदृश तुकडे सापडले नाहीत.

राहिला प्रश्न आहार बदलून फरक पडतो का याचा. याची चोख तपासणी करायची तर मुलाने काय खाल्ले हे पालकांनाही ठाऊक नसावे लागते, आणि घरात पोळी लपवणे किती अवघड आहे हे वेगळे सांगायला नको. तरीही 2016 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथील गटाचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची 14 मुले आधी काही आठवडे गहू-दुधाविना ठेवली, आणि मग त्यांना चवीला सारखाच लागणारा खाऊ दिला, ज्यात कधी ग्लुटेन होते, कधी केसीन, कधी दोन्ही, तर कधी काहीच नव्हते. वागणूक, झोप, शौच यांपैकी कशातही दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहे हे मान्य करूनच हे सांगतो. नॉर्वेतल्या 2002 च्या अभ्यासात आहार दिलेल्या मुलांत सुधारणा नोंदवली गेली होती, पण तिथे आपले मूल पथ्यावर आहे हे पालकांना ठाऊक होते.

नीमच रोड (इंदूर)

डॉक्टरांचे वाचून हसू आले. मंदसौर-नीमचकडे आमच्या नातेवाइकांच्या शेताशेजारी परवान्याची अफू पिकते आणि खसखशीचा हलवा आम्ही लहानपणापासून खातो. मालव्यात येऊन गव्हाला अफू म्हणायचे म्हणजे हिमालयात बर्फाचा गोळा विकण्यासारखे आहे.

पाटावरवंटा (इंदूर)

मी आहारतज्ज्ञ आहे, आणि माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल लिहिते आहे, तेव्हा जपूनच लिहिते.

मधुमालतीताई, काहीही बंद करण्यापूर्वी सिलिॲक आजाराची, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी करून घ्या. गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतात हा आजार साधारण शंभरात एकाला असतो, आणि त्यात गहू आयुष्यभर वर्ज्य करावा लागतो. ही तपासणी मूल गहू खात असतानाच करावी लागते. आधी गहू बंद केला आणि मग तपासणी केली तर निकाल खोटा निर्धास्त करतो. शिबिरवाल्यांनी हे सांगितले नसेल तर त्यांच्या 18,000 रुपयांत नेमके काय येते, हे त्यांना अवश्य विचारा.

दुसरे, 'ग्लुटेनमुक्त' घर वाटते तितके सोपे नाही. पोहे चालतात, बेसनाची सेव चालते, पण फोडणीतला बांधानी हिंग बहुधा मैद्यात मिसळलेला असतो. जी मंडळी 'आम्ही एक कणही दिला नाही आणि म्हणूनच फरक पडला' असे सांगतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वरणात रोज गहू होता.

तिसरे, कॅल्शियम. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 550 मिलिग्रॅम लागते. ग्लासभर दुधातून त्यातले साधारण 240 मिळते. दूध काढले तर ते नाचणी, तीळ, हिरव्या भाज्या यांतून भरून निघू शकते, कागदावर. पण ज्या मुलाला वरणाचा थेंब चालत नाही, त्याच्या तोंडात नाचणीची आंबील कोण घालणार? 2008 साली अमेरिकेत 75 मुलग्यांच्या हातांच्या हाडांची क्ष-किरण चित्रे पाहिली गेली. स्वमग्न मुलांच्या हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी होती, आणि दूध बंद असलेल्यांची आणखी कमी. 'बिघडणार काय आहे' याचे उत्तर तिथे आहे.

कडुनिंब (इंदूर)

म्हणजे आम्ही सात महिने जे डोळ्यांनी पाहिले ते भास होते, असे आपणा सर्वांचे म्हणणे दिसते. तिची झोप सुधारली ही गोष्ट शेजाऱ्यांनीही मान्य केली होती, आणि त्यांना तर आम्ही आहाराविषयी काहीच सांगितले नव्हते.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

कडुनिंबताई, भास होता असे मी म्हणणार नाही. एक विचारू का? आहार बदलण्यापूर्वी मुलीला बद्धकोष्ठ होते का?

कडुनिंब (इंदूर)

होते. चार-चार दिवस होत नसे. दूध बंद केल्यावर आठवडाभरात पोट साफ होऊ लागले.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

मग माझ्या समजुतीप्रमाणे तुम्ही पाहिले ते खरे होते, आणि शिबिरातला सिद्धांत तरीही चूक आहे. काही मुलांना गाईच्या दुधाने बद्धकोष्ठ होते, काहींना दुधातली साखर पचत नाही. ही मुले स्वमग्न असोत वा नसोत. फरक इतकाच की बोलणारे मूल 'आई, पोट दुखतं' म्हणते आणि न बोलणारे मूल भिंतीवर डोके आपटते. पोट शांत झाले की झोप येते, झोप झाली की मूल माणसांकडे पाहू लागते. स्वमग्नता तिथेच असते, वेदना गेलेली असते. अशा मुलांत पोटाच्या तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात आणि आम्ही डॉक्टर त्या 'स्वमग्नतेचाच भाग' म्हणून सोडून देतो, हा आमचा दोष आहे. तुमच्या मुलीचे डोके आपटणे पाहून कोणी तिचे पोट तपासले असते तर तुम्हाला कदाचित गहू सोडावाच लागला नसता.

कडुनिंब (इंदूर)

पोट कोणी तपासले नव्हते, हे खरे आहे. तीन ठिकाणी गेलो होतो. यावर विचार करते.

सयाजीबाग (वडोदरा)

आमच्याकडे या विषयाची वेगळीच शाखा निघाली आहे. येथे सांगतात की दूध वाईट नाही, परदेशी गाईचे 'ए-1' दूध वाईट आहे. गीर गाईचे 'ए-2' दूध पाजा, मूल सुधारेल. दर अर्थातच नेहमीच्या दुधाच्या कितीतरी पट. पण या न्यायाने म्हशीचे दूधही 'ए-2'च असते, आणि आपली निम्मी पिढी म्हशीच्या दुधावर वाढली आहे. मग स्वमग्नता आपल्याकडे असायलाच नको होती. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2009 मध्ये या विषयाचा आढावा घेतला आणि 'ए-1' दुधातल्या केसीनपासून पडणाऱ्या अफूसदृश तुकड्याचा कोणत्याही आजाराशी कार्यकारण संबंध दाखवता येत नाही असे सांगितले.

त्याहून मजेची गोष्ट उंटिणीच्या दुधाची. ज्या गृहस्थांनी माझ्या बहिणीला केसीन म्हणजे विष असे सांगून घरातले दूध बंद करवले, त्यांनीच दोन महिन्यांनी कच्छहून येणारी उंटिणीच्या दुधाची भुकटी घ्यायला सांगितली. उंटिणीच्या दुधातही केसीनच असते. विष पाठीवर मदार घेऊन आले की अमृत होते, असा काही नियम असावा.

जुना पालक (ग्वाल्हेर)

माझा मुलगा आता सव्वीस वर्षांचा आहे, तेव्हा मी या बाजारातून बराच चालून आलो आहे. माझ्या पाहण्यात आधी ब-6 जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम आले, मग गहू-दूध आले, मग शरीरातला पारा काढण्याची टूम आली. त्या शेवटच्या उपचारात, धातू बाहेर काढणारे औषध शिरेतून दिल्यामुळे, 2005 साली अमेरिकेत पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. त्यानंतर तर कपडे पांढरे करण्याच्या जातीचे रसायन 'चमत्कारी द्रव' म्हणून पाजणारे निघाले. पोळी बंद करणे यापुढे अगदी निरुपद्रवी वाटते, पण बाहेरून आत जाण्याचे दार बहुधा तेच असते. निदान आमच्या बाबतीत तरी तेच होते.

1998 मध्ये सिक्रेटिन नावाच्या, पचनाशी संबंधित स्रावाची अशीच हवा झाली होती. तीन मुलांत सुधारणा दिसली म्हणून लोक त्याच्या एका इंजेक्शनसाठी धावू लागले. पुढच्याच वर्षी चाचणी झाली. निम्म्या मुलांना सिक्रेटिन आणि निम्म्यांना मिठाचे पाणी टोचले, आणि दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली. मला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट पुढची आहे. औषधाचा उपयोग नाही असे सांगितल्यावरही 69 टक्के पालकांनी आपल्याला ते द्यायला आवडेल असे कळवले. मी त्यांना हसत नाही. मी त्या 69 मधलाच आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण मधुमालतीताईंच्या लिहिण्यात ती मला दिसली. एके काळी ब्रूनो बेटेलहाइमसारखे नामवंत लोक सांगत की आईच्या थंडपणामुळे मूल असे होते. ते खोडून काढणारे 1964 चे पुस्तक लिहिले बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आणि पुढे जीवनसत्त्वे व आहाराच्या उपचारांचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते तेच झाले. आईच्या मायेवरचा आरोप त्यांनी काढला खरा, पण नंतरच्या लोकांनी तो उचलून आईच्या स्वयंपाकावर नेऊन ठेवला. आमच्या घरी ही पंधरा वर्षे हिंगाच्या डब्या वाचत बसली. मुलाचा प्रत्येक वाईट दिवस म्हणजे काल आपणच काहीतरी चुकीचे खाऊ घातले, असे ती मानत असे.

त्रिफळा (इंदूर)

वरील चर्चा एकांगी होते आहे. सर्व रोगांचे मूळ पोटात आहे हे आपल्याकडे पूर्वापार सांगितले आहे, आणि आता पाश्चात्त्य शास्त्रही आतड्यातल्या जिवाणूंविषयी तेच म्हणते. स्वमग्न मुलांचे जिवाणू वेगळे असतात हे सिद्ध झाले आहे. मग आहार बदलून ते सुधारावेत, हे म्हणणे चूक कसे?

लष्करवाला (ग्वाल्हेर)

त्रिफळाजी, प्रश्न रास्त आहे. पण वेगळेपण दिसले म्हणजे कोणी कोणाला जन्म दिला हे ठरत नाही. 2021 साली ऑस्ट्रेलियात 247 मुलांच्या शौचाच्या नमुन्यांचा अभ्यास झाला. त्यात स्वमग्नतेचा आणि जिवाणूंचा थेट संबंध फारच थोडा आढळला. जिवाणूंचा संबंध होता तो मूल किती प्रकारचे अन्न खाते याच्याशी. स्वमग्नतेमुळे मुलाचे खाणे मोजक्या पदार्थांवर येते, आणि मोजके खाल्ल्याने जिवाणूंचे प्रकार कमी होतात, असा क्रम त्या संशोधकांनी मांडला. त्यांचे बरोबर असेल तर पाच पदार्थांतले तीन काढून घेणे हे तुमच्याच मताप्रमाणे उलट ठरते. आपल्याकडचे पथ्यसुद्धा रोग्याची प्रकृती पाहून आणि मुदत घालून सांगितलेले असते. शिबिरात बसलेल्या दोनशे लोकांना एकच पथ्य, हे कोणत्या संहितेत आहे?

स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे 1977 च्या जुळ्यांच्या अभ्यासापासून पुन्हा पुन्हा दिसत आले आहे. ती आपण गर्भातूनच घेऊन येतो, ताटातून नव्हे.

अहिल्येची लेक (इंदूर)

लसीमुळे आतडे बिघडते आणि त्यातून स्वमग्नता येते, असेही त्याच शिबिरात सांगतात. हे त्याच सिद्धांतातले आहे का?

लष्करवाला (ग्वाल्हेर)

त्याचे चुलत भावंड आहे. अँड्र्यू वेकफील्डचा 12 मुलांवरचा तो लेख 1998 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आतडे आणि गोवराची लस यांचा धागा तिथला. 2010 मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्डचा वैद्यकीचा परवानाही गेला. लसी वेळेवर द्या.

सरळरेघ (इंदूर)

मी बत्तीस वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. इथे सगळे मुलाला काय द्यावे हे लिहीत आहेत, म्हणून आतल्या बाजूने थोडे लिहितो.

पाच पदार्थ खाणे हा हट्ट नसतो. आपल्या इंदुरी पोह्यांचेच घ्या. मऊ पोहे, त्यावर कुरकुरीत सेव, मध्येच ओला कांदा, अचानक फुटणारा डाळिंबाचा दाणा. तुम्हाला ही गंमत वाटते. मला लहानपणी प्रत्येक घासात कोणीतरी दचकवते आहे असे वाटायचे. बिस्किट आवडायचे, कारण ते काल जसे होते तसेच आज असते. पोळीसुद्धा आईच्या हातचीच चालायची. मावशीची जरा जाड असायची आणि मी ताटावरून उठायचो.

मी अकरा वर्षांचा असताना माझे गहू-दूध वर्षभर बंद केले होते. वजन पाच किलो उतरले. बोलण्यात काही फरक पडला नाही, मी आधीपासून बोलतच होतो. वर्गातल्या वाढदिवसाचा केक मात्र मला दाखवून बाजूला ठेवत असत, ते आठवते. आईवर माझा राग नाही. तेव्हा तिला ज्यांनी सल्ला दिला त्यांना मी आता भेटलो तर काय बोलेन, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

पाटावरवंटा (इंदूर)

सरळरेघ, तुमचा पोह्यांचा परिच्छेद मी माझ्याकडे येणाऱ्या पालकांना वाचून दाखवला तर चालेल का?

मधुमालतीताई, त्यांच्या लिहिण्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पदार्थ काढू नका, आहेत त्यांच्या शेजारचे शोधा. सेव खातो तर बेसनाचेच भावनगरी गाठिये, मग हळूहळू बेसनाचे कुरकुरीत धिरडे. पोळीच्या कणकेत आधी चमचाभरच नाचणीचे पीठ, रंग बदलू न देता. नवा पदार्थ ताटात नको, शेजारच्या वाटीत असू द्या. त्याने तो नुसता पाहिला तरी पहिला आठवडा कामी आला असे समजा.

सरळरेघ (इंदूर)

चालेल. नाव मात्र नको.

रविवारचा बाफला (इंदूर)

ताई, पहिल्या प्रतिसादातला विनोद मागे घेत नाही, पण एक कामाची गोष्ट सांगतो. माझ्या भाच्यासाठी आम्ही केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना घेतली आहे. त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण असते आणि वाचा-उपचारांसारख्या नियमित उपचारांचा खर्चही त्यात बसतो. ते 18,000 हातात असतील तर चूर्णापेक्षा वाचा-उपचारांकडे वळवा.

मधुमालती (इंदूर)

उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, क्षमस्व. सर्वांचे प्रतिसाद यांना आणि सासूबाईंना वाचून दाखवले. 'पाहा, डॉक्टरपण माझंच म्हणतात' असे सासूबाईंचे दोन दिवस चालले होते.

शिबिराचे पैसे भरले नाहीत. सिलिॲकची तपासणी केली, ती निर्दोष आली. रक्तात लोह मात्र बरेच कमी निघाले. आमच्या डॉक्टरांनी दुधाचे प्रमाण विचारले तेव्हा मी मोजले, दिवसाला चार बाटल्या होत्या. इतक्या दुधाने पोट भरून जाते आणि लोहही कमी पडते, असे त्यांनी सांगितले. म्हणजे दुधाबद्दल शिबिरातला माणूस अगदीच चूक नव्हता, कारण मात्र भलतेच सांगत होता. आता दोन पेल्यांवर आणले आहे, बाटली सुटली, लोहाचे औषध सुरू आहे. झोप थोडी बरी आहे. शब्द अजून दोनच आहेत.

पोळीत नाचणी दीड चमच्यापर्यंत गेली. दोन चमचे केले त्या दिवशी त्याने पोळी उलटून पाहिली आणि परत दिली. गाठिये चालले.

नीमच रोड (इंदूर)

फार बरे वाटले. सेव कोणती देता, जाड की बारीक?

मधुमालती (इंदूर)

जाड. बारीक सेव तो ताटाच्या काठावर एकेक करून ओळीने मांडून ठेवतो आणि आम्ही कोणी हात लावला तर 'नको' म्हणतो.